लाल दोऱ्याचा कच्चा टाका

शिवणाऱ्या बायका चिकटवणाऱ्या बायकांना मनातून कमी लेखतात. तोंडानं कुणी बोलत नाही, पण कापडावर लावलेलं फूल हातात आलं की बोट आपसूक मागच्या बाजूला जातं, आणि तिथं टाका लागला नाही की भुवई जराशी वर चढते. मी दोन्ही केलंय, म्हणून दोन्हीकडची खोड मला ठाऊक आहे. चिकटवणारीला वाटतं, शिवणारी उगाच मिजास करते, दुपारचं काम महिन्यावर नेते. शिवणारीला वाटतं, पी हळद नि हो गोरी. मला विचाराल तर एक दिवस मिरवायचं असेल तर गोंद पुरतो आणि धुवायचं असेल तर सुईला पर्याय नाही. इतकं सरळ आहे ते. माझ्या स्वतःच्या रुखवताच्या वेळी मात्र ते सरळ राहिलं नाही.

परळची चाळ सोडून आम्ही वाशीला राहायला आलो तेव्हा आमच्या इमारतीतली निम्म्याहून जास्त दारं कुलपात होती. लोकांनी घरं घेऊन ठेवली होती, राहायला येत नव्हते. बस कधी यायची, कधी नाही. खिडकीतून खाडीकडची मोकळी जमीन, पुरून ठेवलेल्या पण तारा नसलेल्या खांबांच्या रांगा, आणि संध्याकाळी कोल्हे ओरडायचे. आईला चाळीची सवय. तिथं तिनं तांदूळ निवडायला घेतले तरी चार बायका आपापलं सूप घेऊन येऊन बसायच्या. इथं ती जिन्यात जाऊन उभी राहायची आणि परत यायची. "घर मोठं आहे गं, पण बोलायला भिंती," असं एकदा म्हणाली होती. वर्ष-सव्वा वर्षात काविळीनं गेली. तेव्हा मी मॅट्रिकला होते.

त्यानंतर घरात बाबा आणि मी. बाबा पावणे एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये कामाला, आठवड्याला पाळी बदलायची. दिवसपाळी असली की मी दिवसभर एकटी, रात्रपाळी असली की ते दिवसा झोपलेले, म्हणजे मी एकटी आणि वर आवाज न करता एकटी. स्वभावानं ते वाईट नव्हते. कधी माझ्यावर हात उगारला नाही, कधी जेवणाला नाव ठेवलं नाही. फक्त आईबद्दल बोलायचे नाहीत. तिचा उल्लेख करायची वेळ आलीच तर 'मागं' म्हणायचे. मागं आपण कोलीम-सुकट आणायचो. मागं या खिडकीला पडदा होता. त्या 'मागं'मध्ये त्यांनी अख्खी बाई घालून ठेवली होती. त्यांनी बोलावं अशी वाट मी बरेच दिवस पाहिली. मग माझीही जीभ त्याच वळणावर गेली. दोघं जेवायचो, ताटं घासली जायची, झोपायचो.

माझं लग्न ठरलं ते बाबांच्या बरोबर काम करणाऱ्या एका ओळखीच्यांकडून. मुलगा तळवलीला राहणारा, माणसं आमच्यासारखीच कोकणातून आलेली, आमच्यातलीच. बघण्याच्या कार्यक्रमाला चहा मीच केला आणि मीच दिला. आत स्वैपाकघरात कुणी नव्हतं, त्यामुळे "पदर नीट घे" म्हणायलाही कुणी नव्हतं. तारीख उन्हाळ्यातली ठरली. जाताना मुलाकडची एक बाई हसून म्हणाली, "रुखवत काय काय मांडणार, बगू आता."

रुखवत म्हणजे काय ते सांगायला नको, तरी सांगते, कारण आता ते भाड्यानंही मिळतं. लग्नाच्या दिवशी मुलीनं आणि तिच्या माणसांनी केलेल्या वस्तू टेबलावर मांडायच्या. कापडी भाज्या, तोरण, बाहुल्या, भरतकाम. मुलाकडच्या बायका येऊन उचलून बघणार, पालथं घालून बघणार, एकमेकींना कोपर मारणार. त्यावरून मुलीच्या हाताला वळण आहे की नाही ते ठरतं. आणि खरं तर त्यावरून मुलीच्या मागं कोण कोण बायका आहेत ते कळतं. कारण एकटी मुलगी रुखवत करत नाही. मावशी, आत्या, चाळीतल्या चार जणी जमतात, कापड अंथरतात, एक जण कातरते, दोघी शिवतात, एक जण नुसती बसून फराळ संपवते.

माझ्यामागं कुणीच नव्हतं. पण पत्र्याच्या ट्रंकेत एक वस्तू होती. ती मी आईच्या पश्चात उघडली नव्हती.

परळला असतानाच आईनं माझ्या रुखवतासाठी म्हणून एक काम काढलं होतं. पांढऱ्या मांजरपाटावर पिंपळाचं मोठं झाड. बुंधा तपकिरी पोलक्याच्या कापडाचा, आणि पानं तिच्या जुन्या लुगड्यांची, साड्यांची: पोपटी, गर्द हिरवी, दोन-चार पिवळी पडलेली सुद्धा. झाडाखाली ध्यानस्थ मूर्ती बसवायची का म्हणून चाळीतल्या एकीनं विचारलं तर आई म्हणाली होती, "झाड बघितलं की कळतं." पानं सगळी कातरून, जागच्या जागी ठेवून तिनं लाल दोऱ्यानं कच्चा टाका घालून घेतला होता. पक्कं शिवण नंतर, सवडीनं. ती सवड तिला वाशीत मिळाली नाही.

लग्न ठरल्यावर मी ते जमिनीवर पसरलं. डांबराच्या गोळीचा वास आला. आणि मग दिसले ते तिचे टाके. वेगानं जाणारे, लांब लांब, एकसारखे. एका पानावर दोरा संपला होता आणि तिनं गाठ न मारता शेपटी तशीच सोडून पुढच्या पानाला नवा दोरा घेतला होता. सगळ्यात वरच्या फांदीवरच्या पानांचे टाके वाकडे झाले होते, मोठे झाले होते, एक तर पानाच्या बाहेरच गेला होता. ती पानं तिनं वाशीत लावली होती, तिला बारीक ताप यायचा तेव्हा. त्या टाक्यांवरून बोट फिरवताना मला ती कशी बसली असेल ते दिसत होतं, एक पाय लांब, दुसरा दुमडलेला, सुई तोंडात धरून कापड सारखं करणारी. आईचा फोटो आमच्याकडे एकच होता, लग्नातला, त्यात ती कुणी दुसरीच मुलगी दिसायची. माझी आई या दोऱ्यात होती.

आणि इथंच पेच होता. शिवणकाम करणाऱ्यांना लगेच कळेल. कच्चा टाका हा काढण्यासाठीच घालतात. पक्कं शिवून झालं की तो उसवायचा, नाहीतर काम अर्धवट समजतात. त्यात आईनं तो पानाच्या अगदी कडेनं घातला होता. पानाची कड आत दुमडून बारीक टाक्यांनी बसवायची, तर तिचा दोरा आधी निघालाच पाहिजे, वितीवितीनं का होईना. म्हणजे शिवायचं तर आईचा हात उसवायचा. आणि न शिवता तसंच टांगायचं तर पानांच्या कडा सुटणार, दशा निघणार, मांडलेल्या टेबलावर अब्रूचे धिंडवडे.

मग एकच वाट उरत होती. पानांच्या कडेखाली गोंद लावायचा. कड दुमडायला नको, दशा निघायला नकोत, आणि लाल दोरा जागच्या जागी.

खरं सांगायचं तर मला धड शिवताही येत नव्हतं. आईनं मला बटण लावायला आणि कच्चा टाका घालायला शिकवलं होतं, पुढचं राहिलं. तेव्हा कुणी म्हणेल नाचता येईना अंगण वाकडं. म्हणू दे. शिकले असते मी. शिवणाचे वर्ग पलीकडच्या सेक्टरमध्ये निघाले होते. मला शिकायचंच नव्हतं.

त्या काळात माझ्याशी रोज बोलणारं माणूस म्हणजे दिवाळे गावची कोळीणमावशी. बेलापूरच्या खाडीवरनं टोपली घेऊन यायची, आमच्या जिन्यात बूड टेकायची, आधी पाणी मागायची मग मासळी दाखवायची. माझ्याकडे रोज मासळी घेण्याइतकं काही नसायचं, ते तिलाही ठाऊक होतं, तरी बसायची. पसरलेलं झाड तिनं दारातूनच पाहिलं.

"काय गो पोरी, यो झार कोनी केला?"

"केलंय असंच," मी म्हटलं. 'आईनं' हा शब्द ओठावर आला आणि गेला.

"चांगला हाय. शिवाचा राहिलाय ना पन?"

"शिवत नाही मावशी. चिकटवणार आहे."

तिनं टोपलीवरचा फडका झटकला. "चिकटवलेला कंदी टिकतं काय? इकरं खारा वारा हाय. आमचे गावान भिंतीला कागद टिकत नाय. शिव गो, दोन दिस जातील."

"दोन दिवसांचं नाही ते."

"आनी यो तांबरा दोरा? कच्चा हाय ना? त्यो तरी कारून टाक. लोका नावा ठेवतील, पोरीला शिवाचा शिकवला नाय बोलतील."

"ठेवू देत," मी म्हटलं, आणि आवाज जरा चढलाच माझा. मावशीनं माझ्याकडे पाहिलं, दोन बोंबील सुपात टाकले आणि उठली. पैसे राहू दे म्हणाली. मला तिचा राग आला होता आणि ती जाऊ नये असंही वाटत होतं.

गोंदाचीही काही कमी कटकट नव्हती. पहिल्यांदा मी खळ केली. मैदा पाण्यात शिजवून, चाळीत गणपतीच्या मखराला, पतंगाला लावायचे तशी. त्यात कीड लागू नये म्हणून मोरचूद टाकतात ते मी विसरले, आणि सकाळी नमुन्याच्या कापडावर मुंग्यांची रांग. बाबांना नुसतं सांगितलं, काहीतरी चिकटवायचंय. तर दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्कशॉपमधला पिवळा गोंद डब्यात भरून आणला. रबराच्या गास्केटांना लावायचा. वास असा की डोकं धरलं, आणि पांढऱ्या चिंधीवर लावून पाहिला तर हळदीचा डाग. डब्याचं झाकण घट्ट लावून मी तो मोरीच्या कठड्यावर ठेवला. बाबांनी विचारलं नाही काय चिकटवतेयस, मीही दाखवलं नाही. ते घरात असले की झाड गुंडाळून ट्रंकेत जायचं. का ते मला धड सांगता येणार नाही. दोघांच्या मध्ये ते पसरलं तर कुणीतरी काहीतरी बोलावं लागेल, याची धास्ती असावी.

शेवटी स्टेशनरीच्या दुकानातला पांढरा गोंद आणला. तोही जास्त झाला की कापडातून वर येतो आणि वाळल्यावर तेलकट डाग दिसतो. दोन-तीन नमुने वाया घालवल्यावर युक्ती सापडली: आगकाडीच्या टोकानं घ्यायचा, अगदी पानाच्या धारेखाली ओढायचा, दोऱ्याला लागू द्यायचा नाही, आणि मग तळहातानं दाबून बसायचं. वाळेपर्यंत हात उचलायचा नाही.

तेव्हा मला एक गोष्ट कळली. शिवण हे चार जणींत बसून करायचं काम आहे. सुई चालू असते, तोंडही चालू असतं, मध्येच कुणी दोरा ओवून मागतं, कुणाची सासू निघते, कुणाचं पोर निघतं. चिकटवण्याला कुणी लागत नाही. उलट कुणी असलं तर हात हलतो. मी दुपारच्या दुपार त्या कापडावर हात ठेवून गप्प बसलेली असे. खालून एखादा रेतीचा ट्रक गेला की खिडकीची काच वाजायची. तेवढाच आवाज. कधीकधी वाटायचं, बोलावं काहीतरी मोठ्यानं, आपला आवाज कसा आहे ते तरी बघावं. पण मग स्वतःचंच हसू यायचं. फार एकटी होते मी, आता इतक्या वर्षांनी ते म्हणायला लाज वाटत नाही. तेव्हा वाटायची, म्हणून मी त्याला काम म्हणायचे.

झाड पुरं झालं. उन्हाळ्यात समाजमंदिरात लग्न लागलं. पांढरी साडी, त्रिशरण-वंदना, फुलांच्या पाकळ्या, सगळं नीट झालं. रुखवताचं टेबल छोटंच होतं: कापसाचा हंस, कापडाची वांगी-मिरच्या, मण्यांचं एक तोरण, आणि मागच्या भिंतीवर झाड. चांगलं दिसत होतं, उगाच विनय कशाला. मुलाकडच्या बायका आल्या, आणि व्हायचं तेच झालं. एकीनं पानावर नख मारलं, दुसरीनं कोपरा उचलून मागं पाहिलं.

"चिकटवलेलं हाय वाटतं."

"मग हा लाल दोरा कशाला? राह्यला का काढायचा?"

"फॅशन हाय ती आता," तिसरीनं मला वाचवलं, का टोमणा मारला, देव जाणे.

मी मान खाली घातलेली नवरी, मला खुलासा करत बसायचं नव्हतं. "हो, फॅशनच," मी म्हटलं, आणि त्या खिदळल्या. बाबा त्या टेबलाकडे फिरकले नाहीत. पंगतीकडे बघत होते, पाण्याचे जग भरत होते, कुणाच्या तरी म्हाताऱ्याला खुर्ची देत होते. निघताना माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "नीट राहा गं बाय." मला फार राग आला होता त्यांचा. एकदा तरी झाडाकडे बघायचं होतं त्यांनी.

तळवलीचं घर बैठं होतं, पुढं ओटा, मागं मोरी, गल्लीत नळ. माणसांची ये-जा होती, तरी मला तिथं पहिले दिवस वाशीपेक्षाही एकटं वाटलं. वाशीत निदान माझं एकटेपण माझ्या ओळखीचं होतं. नवरा कामावर जायचा, रात्री दमून यायचा, चांगला होता, पण आमची अजून ओळखच व्हायची होती. सासूबाई बोलायला मोकळ्या, हात सतत कशात तरी. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात, ते एक बरं होतं. आई म्हणायला लागलं असतं तर माझ्यानं झालं नसतं. झाड त्यांनी आपण होऊन पुढच्या खोलीत लावलं, आल्यागेल्याला दाखवायला.

तिथली एक दुपार. मी नळावर गेले होते. रांग होती, वेळ लागला. हंडा घेऊन घरात शिरले तर आत्या ओट्याच्या उजेडात बसलेल्या, डोळ्यावर चष्मा, मांडीवर झाड, हातात सुई. सुईच्या टोकानं त्या एक-एक टाका वर उचलत होत्या आणि ओढत होत्या. बाजूला लाल दोऱ्याचा वळवळीत पुंजका. झाडावर दोरा कुठंच उरला नव्हता, शेवटच्या पानाचा तेवढा अर्धा निघायचा होता. ते वरच्या फांदीवरचं, वाकड्या टाक्यांचं पान होतं.

मी हंडा ठेवला की टाकला ते आठवत नाही. पाणी सांडलं एवढं खरं.

"कुणी सांगितलं होतं तुम्हाला?" मी ओरडले. नव्या नवरीनं सासूवर ओरडणं म्हणजे काय ते त्या गल्लीला विचारा. शेजारचं दार लगेच किलकिलं झालं. "कुणी हात लावायला सांगितला होता त्याला?"

आत्या चष्म्यावरून बघत राहिल्या. "अगं, कच्चा टाका राह्यला होता. लग्नात बायका हसत होत्या, आयकलं नाय का मी? परवा माझी नणंद येतीय, ती काय सोडते तुला? म्हनून म्हटलं, तू नळावर हायेस तवर काडून टाकते. तुला कशाला कमीपना."

त्यांनी माझी लाज झाकली होती, माझ्या पाठीमागं, मला कळू नये म्हणून. माझ्या आयुष्यात त्याआधी असं कुणी केलं नव्हतं. आणि मला त्यांचे हात धरून बाजूला फेकावेसे वाटत होते.

"माझ्या आईचे टाके होते ते," मी म्हटलं.

म्हटलं आणि माझंच मला नवल वाटलं. ती गेल्यापासून तो शब्द मी कुणासमोर मोठ्यानं उच्चारलाच नव्हता.

आत्यांनी सुई कापडात टोचून ठेवली. त्या म्हणाल्या, "मंग सांगायचं नाय का, पोरी? आमाला काय म्हाईत?"

खरं होतं. कुणाला काय माहीत असणार होतं. मी कुणाला सांगितलं होतं?

त्यांनी मला जवळ बसवलं. त्या शेवटच्या पानाचा निघालेला दोरा त्यांनी सुईनं परत आत घालायचा प्रयत्न केला, त्याच भोकांतून. पण कडेला गोंद वाळून कापड टणक झालेलं, सुई आत जाईना, जोर केला तर वाकली. तेवढं धसमुसळेपण झाल्यावर उरलेला अर्धा दोराही सैल होऊन निघाला. आता शिवताही येत नव्हतं आणि उसवलेलं परत घालताही येत नव्हतं. पानं मात्र घट्ट बसली होती. गोंदानं त्याचं काम चोख केलं होतं.

"कशानं गेली ती?" आत्यांनी विचारलं. मी सांगितलं. मग त्यांनी आणखी विचारलं, गोरी होती का, कुठल्या गावची, काय रांधायची, आणि दिवेलागणीपर्यंत मी बोलत होते. घसा दुखला माझा. त्या दिवशी जेवण उशिरा झालं आणि कुणी काही म्हटलं नाही. तरी रात्री अंथरुणावर पडल्यावर झाडाकडे पाठ करूनच झोपले. बोलले ते बोलले, पण जे गेलं होतं ते गेलंच होतं, आणि त्याची भरपाई बोलण्यानं होत नाही.

पुढं बाबा आले. लग्नानंतर पहिल्यांदाच, रविवारी, हातात केळी आणि एक बिस्किटांचा पुडा. धुतलेला शर्ट, बाही चुरगळलेली, म्हणजे इस्त्री त्यांनी स्वतः केली होती. आत्यांनी खुर्ची दिली. हवापाण्याचं, कामाचं बोलणं झालं, आणि आत्या मला चहा टाकायला सांगून खारी आणायला कोपऱ्यावर गेल्या. मी आतून बघत होते. बाबा उठले आणि भिंतीपाशी गेले. हात मागं बांधून उभे राहिले, जसे ते वर्कशॉपमध्ये मशिनसमोर उभे राहत असतील. मग एक हात पुढं केला आणि एका पानाच्या कडेवरून बोट फिरवलं. मग दुसऱ्या पानाच्या. वरच्या फांदीपर्यंत गेले. मी कप घेऊन बाहेर आले तेव्हा ते माझ्याकडे न बघताच म्हणाले,

"तिचा टाका कुठं गेला?"

'मागं' नाही. तिचा.

मी कपबशी खुर्चीपाशी ठेवली. त्यांना सगळं ठाऊक होतं. ट्रंकेत काय आहे ते, दुपारी मी काय पसरते ते, लग्नाच्या दिवशी भिंतीवर काय होतं तेही. मी ट्रंक झाकत होते आणि ते न बघितल्यासारखं करत होते, दोघंही एकमेकाला जपत होतो. त्या जपण्यात आमची वर्षं गेली.

"आत्यांनी काढला," मी म्हटलं. "त्यांना माहीत नव्हतं, बाबा."

त्यांनी मान हलवली. खुर्चीवर येऊन बसले, चहा बशीत ओतला, फुंकर घातली.

"दोरा मीच आणला होता," ते म्हणाले. "परळला. तिनं पांढरा सांगितला होता. म्हणाली, लाल कशाला, दिसतोय केवढा. मी म्हटलं, असू दे की. दिसला म्हणजे काढायला बरा पडेल."

ते जरासे हसले. मग आत्या खारी घेऊन आल्या आणि ते पुन्हा कामाचं बोलायला लागले. ऊन उतरल्यावर निघाले. मी ठाणे-बेलापूर रोडपर्यंत सोबत गेले. मला वाटत होतं वाटेत आणखी काही बोलतील, आणि त्यांना वाटत असावं मी विचारेन. बस लवकर आली. ते चढले, खिडकीशी बसले, हात केला. वाशीच्या घराची किल्ली आता एकट्या त्यांच्याच खिशात होती, आणि आईविषयी बोलायला त्यांनी नुकतीच सुरुवात केली होती.